बंद हुकुमाचं पान

कारंजा लाड
सोमवार

प्रिय हरीओम,

लेख टिकला. आपल्या धंद्यात आधी आकडा सांगतात आणि मग अहवाल देतात, म्हणून निकाल पहिल्या ओळीत लिहिला. आंतरजालावरच्या मुक्त ज्ञानकोशातल्या 'बंद हुकूम' या माझ्या लेखावरची चर्चा शनिवारी सकाळी बंद झाली. कोणता लेख ठेवायचा, कोणता काढायचा हे बघणाऱ्या तिथल्या प्रचालकाने खाली लिहिलं, 'लेख ठेवावा. विषय स्वतंत्र आहे आणि संदर्भ पुरेसे आहेत.' मी ते बाजार समितीच्या फाटकावर, जीपच्या बोनेटला टेकून वाचलं. ड्रायव्हरने विचारलं, मॅडम, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, काटा बरोबर निघाला. तो म्हणाला, अजून तर आपण वजनंच उतरवली नाहीत.

तुझा नंबर माझ्याकडे आहे. पण फोनवरच्या निरोपाला निळी खूण उमटते आणि मग ती कधी उमटली याचा हिशेब माणूस करत बसतो. पत्राचं तसं नाही. ते पोचतं किंवा पोचत नाही.

आधी इकडचं. तू नागपूरला गेल्यापासून वाशीम जिल्ह्यातले वजनकाटे मी एकटीच तपासते. सोयाबीनचा हंगाम आहे, त्यामुळे सकाळपासून ट्रॅक्टरची रांग लागते आणि ज्याचं वजन कमी भरलं तो शेतकरी काट्याकडे न बघता माझ्याकडे बघतो. वीस किलोची प्रमाण वजनं अजून तीच आहेत. त्यातल्या एकाच्या मुठीला तू गुंडाळलेली काळी टेप सुटत आली होती, ती मी बदलली नाही, वरून दुसरी लावली. मागच्या आठवड्यात तुमच्या किन्हीराजाला काटा तपासायचा होता. गावातून गेले. तुमच्या घराला नवा निळा रंग दिला आहे.

आता मूळ मुद्दा. आमच्या रंगूआत्याकडे कामरगावला रविवारी दुपारी पत्त्यांचा डाव बसतो, हे तुला माहीत आहे. मेंढीकोट, चार जणी, दोन-दोन भिडू. आत्याच्या समोर प्रयागबाई, माझ्यासमोर गोमतीबाई. आत्या बाकी कशात हट्टी नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर मान्य करते. पण पत्त्यांच्या नियमात तिचा शब्द शेवटचा, आणि गावातल्या बाया तो मानत आल्या. गेल्या दिवाळीनंतर गोमतीबाई अमरावतीला लेकीकडे राहायला गेल्या, कायमच्या. त्यांच्या जागेवर प्रयागबाईंची नवी सून वैष्णवी बसायला लागली. पोरगी हुशार आहे, फक्त समोर भिडू म्हणून मी बसलेली असताना ती सासूचा चेहरा बघून पान टाकते.

एका रविवारी आत्याचा बंद हुकूम होता, म्हणजे हुकुमाचं पान तिने पालथं ठेवलं होतं. उतारी किलवरची होती आणि वैष्णवीकडे किलवर संपलं होतं, म्हणून तिने हुकूम उघडायला सांगितला. आत्याने पान उलटलं, इस्पिक निघालं. वैष्णवीच्या हातात इस्पिक होतं, तरी तिने ते राखून बदामाची दुरी टाकली. आत्या म्हणाली, "पोरी, हुकूम उघडाले तू सांगतलं ना? मंग हुकूमच टाकाव लागते. हातात असून लपवता येत नाई." वैष्णवीने विचारलं, हे कुठे लिहिलं आहे? आत्याला हा प्रश्न आजपर्यंत कोणी विचारला नव्हता. वैष्णवीने फोन काढला, शोधलं आणि अगदी नम्रपणे सांगितलं, "आत्या, यात बंद हुकूम म्हणून काही नाहीच हो. नुसता हुकूम आहे." प्रयागबाई हसल्या. इतकी वर्षं भिडू असलेली बाई हसली, हे आत्याला लागलं असावं. ती म्हणाली, "बरं. फोनात नाई तं नाई." तिने पानं गोळा केली, बिस्किटाच्या डब्यात घातली आणि डबा फडताळात वर ठेवला. पुढचे कितीतरी रविवार तो खाली आला नाही. मी जायची, आम्ही चहा प्यायचो आणि दोघी दाराकडे बघत बसायचो.

आत्याला समजावणं हा माझा प्रांत नाही. लिहिणं थोडंफार जमतं, म्हणून मी लेख लिहिला. पहिला परिच्छेद तुला उतरवून पाठवते, कारण तो मी बराच घासला आहे. 'बंद हुकूम ही पत्त्यांच्या काही भारतीय खेळांतील पद्धत आहे. डाव सुरू होण्यापूर्वी एक खेळाडू आपल्या हातातील एक पान पालथे ठेवतो. त्या पानाचा रंग हा त्या डावाचा हुकूम ठरतो. मात्र तो ठेवणाऱ्याखेरीज कोणालाही माहीत नसतो. उतारीच्या रंगाचे पान हाती नसलेला खेळाडू आपल्या पाळीला हुकूम उघडण्यास सांगू शकतो. सांगितल्यावर नकार देता येत नाही.' खाली मी मेंढीची आकृती काढली, म्हणजे दहाचं पान, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप. वैष्णवीला दुवा पाठवला. तिने तो मोकळेपणाने सासूला वाचून दाखवला, हे तिचं मान्य करायला हवं. प्रयागबाई म्हणाल्या, "अवो रंगूबाई, तुमचा हुकूम आला न फोनात." आत्याने डबा खाली काढला, पण उघडला नाही. म्हणाली, पुढच्या रविवारी पाहू.

पुढच्या रविवारच्या आत लेखावर पाटी लागली. 'हा लेख काढून टाकावा असा प्रस्ताव आहे.' वैष्णवीने तीही वाचून दाखवली, कारण तिला लपवाछपवी जमत नाही. प्रयागबाई म्हणाल्या, "पाहा, मिटवून राह्यले." डबा परत फडताळात गेला. आत्या मला एवढंच म्हणाली, "जाऊ दे व बाई. काहून जीव काढतं? पत्ते खेळाले पुरावा लागते हे मले माहीत नव्हतं." तिचा आवाज असा सपाट मी पूर्वी ऐकला नव्हता. मी घरी येताना एसटीत ठरवलं की हा लेख राहणार.

प्रस्ताव मांडणारा सदस्य 'वाटाड्या' या नावाने लिहायचा. त्याचं म्हणणं स्वच्छ होतं. एक, ही पत्त्यांच्या खेळातली नुसती संज्ञा आहे, तिला स्वतंत्र लेख कशाला? मेंढीकोटच्या लेखात दोन ओळी पुरेत. दोन, छापील संदर्भ एकही नाही. तीन, अर्थच सांगायचा असेल तर तो शब्दकोशात सांगावा. पहिल्या वाचनात मला राग आला. दुसऱ्या वाचनात कळलं की तिन्ही आक्षेप बरोबर आहेत. माझ्या लेखात खरोखरच एकही संदर्भ नव्हता. मी आत्याकडून ऐकलेलं जसंच्या तसं लिहून मोकळी झाले होते. प्रमाण वजन न ठेवता काट्याला शिक्का मारण्यासारखं ते काम होतं, आणि ते मी केलं होतं, जी इतरांचे काटे नापास करते.

मग मी संदर्भ शोधायला निघाले. आपल्या वाचनालयात पत्ते या विषयावर काही निघालं नाही. बाजारात चांदभाईंचं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे, तिथे गेले. ते म्हणाले, "पत्त्यांवर किताब? बेटा, पत्ते लोक खेळतात. वाचतं कोण?" तरी त्यांनी शिडी लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. तिसऱ्या खेपेला वरूनच ओरडले, "धर, डोक्यावर पडेल," आणि घरगुती बैठ्या खेळांवरचं एक जुनं पुस्तक खाली सोडलं. पाठीला वाळवी, पण आतली पानं शाबूत. त्यात बंद हुकुमावर चांगलं दीड पान होतं आणि त्यात हे वाक्य होतं: 'हुकूम उघडावयास सांगणाऱ्याने, हाती हुकूम असल्यास, तोच टाकला पाहिजे.' मी ते दुकानात उभ्याने मोठ्याने वाचलं. चांदभाई म्हणाले, "असं वाचते जसं तुझा निकाल लागला." किंमत विचारली तर म्हणाले, आधी जिंकून ये, मग बोलू.

त्यानंतर मला संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकातला निबंध सापडला. त्यात लपवलेल्या हुकुमामुळे प्रत्येक खेळाडूच्या निर्णयात काय फरक पडतो ते गणिताने मांडलं आहे. तो मी दोनदा सोडवून पाहिला, मग संदर्भात घातला. पण खरा निर्णायक मुद्दा मला किन्हीराजाच्या काट्यावर सुचला, दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. बंद हुकूम फक्त मेंढीकोटात नाही. केरळातल्या अठ्ठावीस नावाच्या खेळात बोली जिंकणारा हुकूम पालथाच ठेवतो. तीनशे चार नावाच्या खेळातही तेच. मी चर्चेत लिहिलं: विलीन करावं हे तत्त्व मान्य, पण कोणत्या लेखात करायचं ते वाटाड्या यांनी सांगावं. मेंढीकोटात केलं तर अठ्ठावीस खेळणाऱ्याला ते सापडणार नाही, अठ्ठावीसमध्ये केलं तर आपल्याला. जी गोष्ट अनेक खेळांत आहे ती कोणा एका खेळाच्या पोटात मावत नाही. तिला स्वतःची जागा लागते.

मग चर्चेतले इतर सदस्य एकेक करून 'ठेवावा' म्हणू लागले. वाटाड्याने मात्र आणखी एक आक्षेप नोंदवला. त्याने लिहिलं, 'एखाद्या अंगणात उघडलेलं पान हात पूर्ण होईपर्यंत अडकित्त्याखाली ठेवतात, म्हणून तो ज्ञानकोशाचा विषय ठरत नाही.'

मी ते वाक्य वाचलं आणि फोन खाली ठेवला.

अडकित्ता मी लेखात घातला नव्हता. त्याला संदर्भ नव्हता आणि मिळणारही नव्हता, कारण तो नियम जगात एकाच ठिकाणी आहे. पूर्वी एकदा प्रयागबाईंनी हुकूम उघडला, पान झटकन हातात घेतलं आणि पुढच्या पाळीला म्हणाल्या, किलवर होतं. बाकीच्या तिघी म्हणत होत्या चौकट. दोन दिवस बोलणं बंद होतं. तेव्हापासून आत्या उघडलेलं पान तो हात पूर्ण होईपर्यंत आपल्या सुपारीच्या अडकित्त्याखाली ठेवते, सगळ्यांना दिसेल असं. हे त्या बायांना माहीत आहे, मला आहे, आणि आणखी एका माणसाला. एकदा कामरगावच्या काट्याची वीज गेली म्हणून तो माझ्यासोबत आत्याकडे आला होता, गोमतीबाई चार दिवस लेकीकडे गेल्या होत्या, चौथा भिडू नव्हता. आत्याच्या अंगणात पुरुषाला पान मिळत नाही, पण तिने त्या माणसाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "येते का खेळता, का नुसतेच काटे पाह्यतं?" तो माणूस गोमतीबाईंच्या जागेवर, माझ्यासमोर बसला आणि पहिल्याच डावात त्याने आत्याची मेंढी नेली.

तर नमस्कार, वाटाड्या.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं, लेखाचा इतिहास उघडून ओळीने वाचला. तुझ्या आधी कोणीतरी दुसऱ्यानेच लेखावर 'तात्काळ काढा' असा साचा, म्हणजे तसलीच पाटी, लावला होता. तसं झालं असतं तर चर्चाच झाली नसती. एका दुपारी लेख नाहीसा झाला असता आणि मला कळलंही नसतं. तू तो साचा काढून त्या जागी रीतसर चर्चेचा प्रस्ताव मांडलास. चर्चेतून तरलेला लेख मग कोणाला तसा सहज काढता येत नाही, हा तिथला नियम मी आता वाचला आहे. तू आधी वाचला होतास. आणि तुझे आक्षेप मी पुन्हा पाहिले. आपण मोठा काटा तपासताना वजन मधोमध ठेवून थांबत नाही. ते चारही कोपऱ्यांवर ठेवतो आणि प्रत्येक कोपऱ्यावर तोच आकडा येतो का ते बघतो. तू माझ्या लेखाच्या प्रत्येक कोपऱ्यावर वजन ठेवत होतास. जिथे आकडा हलला तिथे मी दुरुस्ती केली. मी तुला विरुद्ध बाजूचा समजत होते. मेंढीकोटात भिडू शेजारी बसत नाही, समोर बसतो, हे इतकी वर्षं खेळून माझ्या लक्षात राहिलं नाही.

अडकित्त्याचं वाक्य चुकून गेलं असं मी धरत नाही. तुझ्या अहवालात मी कधी चुकून लिहिलेला आकडा पाहिलेला नाही.

कालचा रविवार मात्र सांगायलाच हवा. मी निकाल वैष्णवीला आधी पाठवला नव्हता. ओट्यावर तिघी बसल्या होत्या. मी फोन वैष्णवीच्या हातात दिला आणि म्हटलं, वाच. तिने निकाल वाचला, मग लेख वाचला, मग ते जुन्या पुस्तकातलं वाक्य आलं तेव्हा ती थांबली, सासूकडे न बघता आत्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आत्या, तुमचंच बरोबर होतं. इस्पिक मी लपवायला नको होतं." प्रयागबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "अन् अडकित्ता? तो हाये का त्यात?" मी सांगितलं, नाही. पण चर्चेत आहे, आणि ती चर्चा कायमची जपून ठेवतात. "म्हंजे माह्या नावानं लिवलं का काय?" नाव नाही, म्हटलं. "मंग ठीक हाये," त्या म्हणाल्या, जरा निराश झाल्यासारख्या.

आत्या उठली. आत गेली. फडताळातून डबा काढला, ओट्यावर आणून आपटला, त्याच्यावर अडकित्ता ठेवला आणि मग मला म्हणाली, "ठेवलं म्हंतं ना त्यायनं? कायम?" मी म्हटलं, हो, कायम. "मंग तोंडाकडं काय पाह्यतं? पिस." त्या दुपारी आत्याने चारही मेंढ्या घेतल्या. म्हणजे आमच्यावर कोट, या खेळातली सगळ्यात मोठी हार, चढला आणि कोट चढवताना ती जशी हसली तसं हसू मला निकालाच्या ओळीने आलं नव्हतं. चांदभाईंना आज पुस्तकाची किंमत विचारायला गेले. म्हणाले, दुकानाचं नाव छाप म्हणजे झालं. मी सांगितलं, ज्ञानकोशात तसं छापत नाहीत. तर म्हणाले, मग चहा पाज.

एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. निकाल तुला माहीतच असणार, तू तो माझ्याआधी वाचला असशील. कारंजाच्या बस स्टँडवर, नागपूरची गाडी लागलेली असताना, तू लग्नाचं विचारलंस आणि मी म्हटलं, बघते. तू म्हणालास, "बंद ठेव मग, घाई नाही," आणि गाडीत चढलास. तुला तेव्हा वाटलं असेल की मला ठरवायचं आहे. हुकूम पालथा असला तरी तो डाव सुरू होण्याआधीच ठरलेला असतो, मधे बदलता येत नाही. हे लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे आणि त्यावर तू एकही आक्षेप घेतला नाहीस. मी तो त्याच दिवशी, त्याच फलाटावर ठेवला होता. दाखवला नाही, कारण कोणी उघडायला सांगितल्याशिवाय दाखवायचा नसतो. आता अडकित्त्याचं नाव काढून तू उघडायला सांगितलंस, आणि सांगितल्यावर नकार देता येत नाही. तर, हो. बाबांना काल सांगितलं, त्यांनी फक्त विचारलं की पोरगा परत इकडे येणार की नागपूरलाच राहणार, ते तू त्यांना सांग. आत्या म्हणाली, "त्या पोरानं पह्यल्याच दिशी माही मेंढी नेली. असा मानूस घरातच ठेवाव लागते." आणि किन्हीराजातून मी नुसती गेले नाही, थांबले होते. तुझ्या आईने चहा दिला, काहीही विचारलं नाही आणि निघताना ओंजळभर शेंगा जीपमध्ये टाकल्या, म्हणजे त्यांना माहीत आहे. या रविवारी कामरगावला ये. गोमतीबाईंची जागा वैष्णवी सोडायला तयार आहे. नियम तुला सांगायला नको, पण आता तो छापील संदर्भासकट आहे: हुकूम उघडायला ज्याने सांगितलं, त्याने हातात असेल तर तोच टाकायचा.

तुझ्यासमोर बसणारी,
तुझीच,
संस्कृती